स्वादुपिंडाला पाचकरस सोडण्याचा निरोप कोण देते : रक्त की मज्जातंतू?

मलप्रभेकाठची (धागाकर्ती)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका पदवीपूर्व महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. आमच्याकडे दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुले पी.यू.च्या पहिल्या वर्षी एकदम इंग्रजी पाठ्यपुस्तकांसमोर येतात, म्हणून पचनसंस्थेसारखा विषय मी आधी मराठीत समजावून देते आणि मगच पुस्तक उघडते. अन्न लहान आतड्यात उतरले की आतड्याच्या अस्तरातून सिक्रिटीन आणि कोलेसिस्टोकायनिन, म्हणजे सीसीके, ही संप्रेरके रक्तात मिसळतात, ती स्वादुपिंडापर्यंत पोहोचतात आणि पाचकरस सुटतो, असे मी शिकवत होते. तेव्हा एका मुलीने विचारले की सगळे काम रक्तातून होत असेल, तर आकृतीत मेंदूतून निघणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या फांद्या स्वादुपिंडात कशासाठी गेल्या आहेत?

माझे मत असे आहे की शालेय पुस्तके संप्रेरकांना परिच्छेदच्या परिच्छेद देतात आणि मज्जातंतूंची एका ओळीत बोळवण करतात. मज्जातंतूंचे निरोप ओळखणारे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, या साखळीत नेमके कुठे असतात, कोणते असतात आणि त्यांचा वाटा किती, हे जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

घटप्रभा

मॅडम, प्रश्न फार चांगला आहे. मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवतो आणि हा विषय माझ्या विशेष आवडीचा असल्याने थोडे लांबवून लिहितो.

स्वादुपिंडाच्या पाचक भागात दोन प्रकारच्या पेशी महत्त्वाच्या असतात. गुच्छपेशी विकरे, म्हणजे अन्न पचवणारी एन्झाइमे, तयार करतात, तर बारीक नलिकांच्या पेशी पाणी आणि आम्लता शमवणारे बायकार्बोनेट सोडतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे दीड लिटर रस आतड्यात येतो.

आता मज्जातंतूंचा मार्ग पाहू. अन्नाचा वास, चव आणि चावण्याची क्रिया यांमुळे मेंदूच्या तळाशी असलेले व्हेगसचे केंद्र जागे होते. तिथून निघालेला संदेश थेट गुच्छपेशीपर्यंत जात नाही. स्वादुपिंडाच्या आतच मज्जापेशींचे छोटे छोटे पुंजके विखुरलेले असतात, तिथे तो थांबतो. त्या पुंजक्यांतील पेशींवर निकोटिनिक प्रकारचे ग्राही असतात. तिथून दुसरा तंतू निघतो आणि गुच्छपेशीजवळ निरोप पोहोचवणारे रसायन अ‍ॅसिटिलकोलीन सोडतो. गुच्छपेशीवर मात्र मस्कारिनिक प्रकारचे ग्राही असतात आणि त्यांतील एम-३ हा मुख्य. अ‍ॅसिटिलकोलीन त्यावर बसले की पेशीत आयपी-३ नावाचा रेणू तयार होतो, त्यामुळे पेशीच्या साठ्यातील कॅल्शियम मोकळे होते आणि विकरांनी भरलेले कण पेशीच्या टोकाशी येऊन नलिकेत रिते होतात. आयपी-३ मुळे साठ्यातील कॅल्शियम सुटते, हे १९८३ साली प्रथम दाखवले गेले ते स्वादुपिंडाच्या गुच्छपेशींवरच, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखे आहे.

अन्न जठरात पोहोचण्यापूर्वीच्या या टप्प्यात जेवणाच्या एकूण विकरस्रावाचा साधारण पाचवा हिस्सा सुटतो. जठर ताणले गेल्यावर आणखी थोडा सुटतो. सर्वांत मोठा वाटा आतड्याच्या टप्प्याचा असतो, आणि खरी गंमत तिथेच आहे, कारण त्या टप्प्यातही मज्जातंतू बाजूला झालेले नसतात.

---

शहापूरकर

म्हणजे आमच्या भागात कुंदा आटवत असलेल्या दुकानासमोरून नुसते चालत गेले तरी स्वादुपिंड कामाला लागत असणार. हा धागा वाचणाऱ्या प्रत्येक बेळगावकराचा पहिला टप्पा एव्हाना सुरू झाला असेल!

---

टिळकवाडी_७२

घटप्रभा सर, आपण वर्णन उत्तम केले आहे, परंतु मज्जातंतूंना आपण जरा जास्तच मान देत आहात असे मला वाटते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०२ साली जो प्रयोग केला, तो नेमका याच वादावर होता. कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका तुकड्याचे सर्व मज्जातंतू त्यांनी तोडले, फक्त रक्तवाहिन्या ठेवल्या, आणि त्या तुकड्यात आम्ल सोडले. स्वादुपिंडाने तरीही रस सोडला. मग आतड्याचे अस्तर खरवडून, आम्लात घोटून त्याचा अर्क शिरेतून दिला, तेव्हाही रस सुटला. सिक्रिटीनचा शोध तो हाच. तोपर्यंत रशियातील पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेचे म्हणणे होते की सगळे काम मज्जातंतूंचे आहे, आणि ते म्हणणे तिथे मागे पडले.

दुसरा मुद्दा प्रत्यारोपणाचा. दुसऱ्या माणसाचे स्वादुपिंड बसवताना व्हेगस जोडला जात नाही, तरी ते स्वादुपिंड पाचकरस तयार करतेच. तेव्हा मज्जातंतू ही सोय आहे, गरज नव्हे.

---

घटप्रभा

टिळकवाडीकर, दोन्ही दाखले खरे आहेत आणि दोन्ही महत्त्वाचे आहेत, पण त्यांतून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

सिक्रिटीनचे मुख्य काम नलिकांच्या पेशींवर आहे. आतड्यातील आम्लता साधारण ४.५ पीएचच्या खाली गेली की ते सुटते आणि पाणी व बायकार्बोनेट वाहू लागते. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी पाहिला तो हा रस. विकरांचा हिशेब वेगळा आहे. विकरांसाठीचे संप्रेरक म्हणजे सीसीके. चरबीतील लांब साखळीची आम्ले आणि प्रथिनांचे तुकडे आतड्यात आले की ते सुटते. ते रक्तातून थेट गुच्छपेशीवर जाऊन बसते, असेच अनेक वर्षे मानले जात होते.

परंतु मिशिगन विद्यापीठातील चुंग ओवयांग यांच्या गटाने १९९० च्या दशकात जे दाखवले त्याने हे चित्र बदलले. निरोगी माणसांना जेवणानंतर रक्तात असते तेवढ्याच पातळीचे सीसीके दिले तर विकरे सुटतात. मात्र त्याबरोबर अ‍ॅट्रोपिन दिले तर तो परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. अ‍ॅट्रोपिन सीसीकेचे ग्राही अडवत नाही, ते मस्कारिनिक ग्राही अडवते. याचा अर्थ सीसीकेचा निरोप वाटेत कुठेतरी मज्जातंतूतून जात असला पाहिजे. ती वाट उंदरांवर पुढे सापडली. आतड्याच्या अस्तरात व्हेगसच्या ज्या संवेदी शाखा पसरलेल्या असतात, त्यांच्यावरच सीसीके-१ ग्राही असतात. सीसीके तिथे बसते, संदेश वर मेंदूच्या तळाशी जातो, तिथे जागा बदलून व्हेगसच्याच दुसऱ्या तंतूंनी खाली उतरतो आणि शेवटी अ‍ॅसिटिलकोलीन होऊन गुच्छपेशीपाशी पोहोचतो. आतड्यातील सेरोटोनिनही अशाच संवेदी शाखांवरील ५-एचटी-३ ग्राहींना उद्दीपित करते आणि सीसीकेच्या कामाला हातभार लावते. पोटातील व्हेगसचे बहुसंख्य तंतू खालून वर खबर नेणारे असतात, हे लक्षात घेतले की या रचनेचे नवल वाटत नाही.

प्रत्यारोपणाबद्दल एवढेच सांगतो की बाहेरून येणारे तंतू तुटले तरी स्वादुपिंडातील मज्जापेशींचे पुंजके त्याच्याबरोबरच येतात. शिवाय स्वादुपिंडाजवळ राखीव क्षमता प्रचंड असते. लायपेज हे चरबी पचवणारे विकर नेहमीच्या १० टक्क्यांच्या खाली गेल्यावरच चरबीचे पचन उघडपणे बिघडते, हे १९७३ सालापासून माहीत आहे. माणूस जेवून पचवतो आहे, एवढ्यावरून मज्जातंतूंचा वाटा शून्य ठरत नाही.

---

अथणीची_सिस्टर

मी तालुक्याच्या गावी रुग्णालयात परिचारिका आहे. आपली चर्चा पुस्तकातली वाटत असली तरी आम्ही हे ग्राही दर पावसाळ्यात आणि भाजीच्या हंगामात खाटेवर पाहतो.

ऊस आणि भाजीपाल्यावर फवारण्याच्या ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील कीटकनाशकांनी विषबाधा झालेला रुग्ण येतो तेव्हा तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, अंगाला घाम, छातीत घरघर, जुलाब आणि टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, असे सगळे एकाच वेळी दिसते. अ‍ॅसिटिलकोलीनचे काम झाले की त्याचे विघटन करणारे विकर शरीरात असते. हे विष त्या विकरालाच निकामी करते. मग अ‍ॅसिटिलकोलीन साचत राहते आणि शरीरातील प्रत्येक मस्कारिनिक ग्राही चालू राहतो, जणू नळ उघडल्यावर त्याची चावीच कोणी काढून नेली आहे. स्वादुपिंडही त्यातून सुटत नाही. काही रुग्णांत रक्तातील अमायलेज (स्वादुपिंडातून येणारे एक विकर) वाढलेले सापडते आणि काहींना प्रत्यक्ष स्वादुपिंडदाह होतो, म्हणून पोटदुखीची तक्रार आम्ही बाजूला ठेवत नाही. डॉक्टर अ‍ॅट्रोपिन देतात आणि छाती कोरडी होईपर्यंत मात्रा वाढवत नेतात. घटप्रभा सरांनी प्रयोगात सांगितलेले औषध तेच आहे.

याच्या अगदी उलट चित्र धोतऱ्याचे बी पोटात गेलेल्या रुग्णात असते. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिनच्याच कुळातील द्रव्ये असतात. त्यामुळे तोंड कोरडे ठणठणीत, बाहुल्या मोठ्या, अंग तापलेले आणि रुग्ण बरळत असतो.

शेतकरी बंधूंना कळकळीची विनंती आहे की फवारणी वाऱ्याच्या दिशेने, अंगभर कपडे आणि मोजे घालून करावी आणि रिकाम्या बाटल्या घरात ठेवू नयेत. शंका आली तरी घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णाला लगेच आणावे.

---

निपाणीकर

सिस्टर, आपला प्रतिसाद मी आमच्या गावच्या गटात पाठवला आहे.

वर निकोटिनिक ग्राहींचा उल्लेख आला म्हणून विचारतो. आमच्याकडे तंबाखूच्या ओल्या पानांत दिवसभर काम केलेल्या माणसांना मळमळ, उलट्या आणि चक्कर येते. ते याच ग्राहींमुळे का? आणि विडी ओढणाऱ्याच्या स्वादुपिंडावर त्याचा काही परिणाम होतो का?

---

घटप्रभा

होय, ओल्या पानांवरील निकोटिन कातडीतून शोषले जाते आणि शरीरातील निकोटिनिक ग्राहींना उद्दीपित करते. स्वादुपिंडातील पुंजक्यांवर हेच ग्राही असतात, तरी पानतोडणीतील मळमळीचा संबंध मुख्यतः मेंदू आणि जठराशी आहे. धूम्रपानाचा प्रश्न मात्र जास्त गंभीर आहे. ते दीर्घकालीन स्वादुपिंडदाहाचे स्वतंत्र कारण मानले जाते आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोकाही वाढवते. त्यात केवळ निकोटिनचा नव्हे तर धुरातील इतर घटकांचाही हात असतो. विडी सोडण्यासाठी एवढे कारण पुरेसे असावे.

---

हुक्केरी_एक्स्प्रेस

आमच्या संकेश्वरी मिरचीला या चर्चेत काही स्थान आहे का? तिखट रश्श्याचा घास घेतला की नाका-डोळ्यांतून पाणी येते, तसे आतही काही घडत असेल.

---

घटप्रभा

स्थान आहे, आणि ते मानाचे आहे. मिरचीतील कॅप्सेसिन ज्या ग्राहीवर बसते त्याला टीआरपीव्ही-१ म्हणतात. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने तो १९९७ साली शोधला आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्या शोधाचा वाटा होता. हा ग्राही व्हेगसच्या संवेदी शाखांवर आणि स्वादुपिंडाकडून पाठीच्या कण्याकडे जाणाऱ्या वेदनातंतूंवरही असतो; स्वादुपिंडदाहाच्या असह्य कळांमध्ये त्याचा सहभाग आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे वर मी ज्या वाटेचे वर्णन केले ती सापडली याच द्रव्याच्या साहाय्याने. उंदराच्या व्हेगसला कॅप्सेसिन लावले की त्यातील बारीक संवेदी तंतू निकामी होतात, पण मेंदूकडून खाली येणारे तंतू काम करत राहतात. असे केल्यावर जेवणाइतक्या पातळीचे सीसीके देऊनही विकरे सुटली नाहीत. निरोप वर जाणाऱ्या वाटेनेच जातो, हे त्यावरून सिद्ध झाले. आहारातील मिरचीने असे तंतू निकामी होत नाहीत, तेव्हा रस्सा खाणाऱ्यांनी घाबरू नये.

---

कंग्राळीचा_शेतकरी

आमच्या गावात सोयाबीन पुष्कळ होते. कोंबड्यांना कच्चे सोयाबीन घालू नये, त्याने त्यांची वाढ खुंटते, असे पशुवैद्यकांनी सांगितले होते आणि त्यात स्वादुपिंडाचाही उल्लेख केला होता. या विषयाशी त्याचा संबंध असल्यास समजावून सांगावे.

---

घटप्रभा

अगदी जवळचा संबंध आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या प्रथिने पचवणाऱ्या विकराला अडवणारे प्रथिन असते. आतड्यात मोकळे ट्रिप्सिन भरपूर असले की सीसीकेचा स्राव मंदावतो. ती स्वादुपिंडाला थांबण्याची खूण असते. कच्च्या सोयाबीनने ट्रिप्सिन अडले की ती खूण मिळत नाही, सीसीके सुटत राहते आणि कोंबडीचे किंवा उंदराचे स्वादुपिंड आकाराने वाढते. प्रथिनांचे पचन अर्धवट राहते ते वेगळेच. नीट भाजलेल्या किंवा शिजवलेल्या सोयाबीनमधील हे प्रथिन उष्णतेने निकामी होते, त्यामुळे पशुवैद्यकांचा सल्ला योग्य आहे.

---

टिळकवाडी_७२

घटप्रभा सर, सिक्रिटीन आणि विकरे यांतला आपला भेद मला पटला. परंतु सीसीके माणसाच्या गुच्छपेशीवर थेट काम करतच नाही, असे आपण सुचवत असाल तर ते अजून ठरायचे आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसाच्या गुच्छपेशींनी सीसीकेला प्रतिसाद दिला नाही, हे खरे. पण २००८ साली दुसऱ्या गटाने ताज्या मानवी गुच्छपेशींत सीसीकेमुळे कॅल्शियम वाढते आणि विकरे सुटतात, असे दाखवले. तिथे अ‍ॅट्रोपिनचा अडथळा आणूनही परिणाम टिकला. दोन्ही अभ्यास समोर ठेवूनच विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे.

---

घटप्रभा

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याची नोंद घ्यायलाच हवी. पेशी बाहेर काढून बशीत ठेवल्यावर ती काय करू शकते आणि जिवंत माणसात जेवणानंतर ती प्रत्यक्षात काय करते, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर आपण दिलेल्या अभ्यासाकडे झुकते. दुसऱ्यासाठी माझ्यासमोर अ‍ॅट्रोपिनचे प्रयोग आहेत आणि ते मज्जातंतूंच्या बाजूने बोलतात.

---

कोकणातून_बेळगावात

सिस्टरनी विषांचा विषय काढला म्हणून एक भर घालतो. त्रिनिदादमध्ये टिटियस जातीच्या विंचवाच्या दंशानंतर रुग्णांना स्वादुपिंडदाह होतो, हे वैद्यकीय वाङ्मयात प्रसिद्ध आहे. ते विष मज्जातंतूंच्या टोकांतून अ‍ॅसिटिलकोलीन मोठ्या प्रमाणात बाहेर काढते. आपल्याकडच्या लाल विंचवाच्या दंशात जीव जातो तो मुख्यतः हृदय आणि फुप्फुसे कोलमडल्याने, कारण तिथे अ‍ॅड्रिनॅलिनच्या कुळातील द्रव्यांचा लोंढा येतो. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन वापरून असंख्य प्राण वाचवले. प्राझोसिन अल्फा-१ ग्राही अडवते. ग्राही ओळखला की उपाय सापडतो, याचे याहून जवळचे उदाहरण मला माहीत नाही.

---

मलप्रभेकाठची (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. विशेषतः टिळकवाडीकर आणि घटप्रभा सर यांच्या मतभेदातून मला खूप मिळाले.

वर्गासाठी मी फळ्यावर असे मांडायचे ठरवले आहे: आतड्यातून दोन बाण काढायचे. पहिला सिक्रिटीनचा, रक्तातून थेट नलिकांच्या पेशींकडे जाणारा. दुसरा सीसीकेचा, आधी व्हेगसच्या संवेदी टोकाकडे, तिथून मेंदूकडे आणि परत स्वादुपिंडाकडे येणारा; त्याच्या शेवटी एम-३ ग्राही लिहायचा. सीसीकेपासून गुच्छपेशीकडे एक तुटक रेघही काढायची आणि तिच्याबाबत संशोधकांत मतभेद आहेत, हे स्पष्ट सांगायचे. परीक्षेत दोन गुणांसाठी संप्रेरकांची नावे पुरेशी असतील, पण ज्या मुलीने प्रश्न विचारला तिला अपुरे उत्तर देणे मला योग्य वाटत नाही. यात काही दुरुस्ती असल्यास सांगावी.

---

घटप्रभा

आकृती उत्तम आहे. एकच भर: दोन्ही बाण एकमेकांना बळ देतात, हेही दाखवा. सिक्रिटीन आणि अ‍ॅसिटिलकोलीन एकत्र आले की बायकार्बोनेटचा स्राव एकट्या सिक्रिटीनने होतो त्याहून बराच वाढतो. सहानुभावी (सिम्पथेटिक) मज्जातंतूंचा बाण उलट्या खुणेने काढा, कारण ते मुख्यतः रक्तवाहिन्या आकुंचित करून स्राव कमी करतात.

---

चिकोडीची_सून

विषय सैद्धांतिक चालला आहे, तरी दोन व्यावहारिक प्रश्न विचारण्याची परवानगी घेते. माझ्या सासूबाईंना दीर्घकालीन स्वादुपिंडदाह आहे आणि डॉक्टरांनी विकरांच्या कॅप्सूल दिल्या आहेत. आम्ही जैन आहोत. त्या कॅप्सूलमधील विकरे डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात, हे कळल्यापासून त्यांनी त्या बंद केल्या आहेत आणि वजन उतरत चालले आहे. दुसरे म्हणजे, त्या पर्युषणात उपवास करतात. पोटात अन्न नसताना स्वादुपिंड पूर्ण विश्रांती घेते का?

---

घटप्रभा

ताई, आधी उपवासाचे सांगतो. पूर्ण विश्रांती नसते. रिकाम्या पोटीही साधारण दीड-दोन तासांच्या अंतराने आतड्यांच्या हालचालीची एक लाट येते आणि तिच्याबरोबर स्वादुपिंड थोडा रस सोडते. यामागेही मज्जातंतूच असतात. परंतु आधीच वजन घटलेल्या रुग्णाने लांब उपवास करणे धोक्याचे आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

कॅप्सूलबाबत त्यांच्या मनाची घालमेल मी समजू शकतो. बुरशीपासून काढलेली विकरे बाजारात मिळतात, पण दीर्घकालीन स्वादुपिंडदाहात त्यांचा उपयोग प्राणिज विकरांइतका खात्रीचा नाही. निर्णय त्यांचाच असावा. मात्र घटते वजन आणि तेलकट, पांढुरका, तरंगणारा शौच यांचा अर्थ काय, हे डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून समजावून सांगितले पाहिजे. धर्माच्या जाणकार व्यक्तीशी बोलून औषधापुरती मुभा घेणारी कुटुंबे माझ्या पाहण्यात आहेत.

---

चिकोडीची_सून

धन्यवाद सर. आमच्या महाराजांशी बोलणे झाले आणि औषध म्हणून घेण्यास त्यांनी हरकत घेतली नाही. सासूबाई तयार झाल्या आहेत. आता त्या जेवण झाल्यावर एकदम दोन कॅप्सूल घेतात, ते बरोबर आहे का? नाश्त्यालाही घ्याव्या लागतील का?

---

घटप्रभा

ऐकून फार बरे वाटले. जेवण संपल्यावर घेऊ नयेत. पहिल्या घासाबरोबर एक आणि जेवण निम्मे झाल्यावर दुसरी, अशा घ्याव्यात, म्हणजे विकरे अन्नात मिसळतात. आतील दाणे चावू नयेत. त्यांच्यावरचे आवरण जठरातील आम्लापासून लायपेजला वाचवते. उपमा, पोहे, दूध किंवा करदंटासारखे चरबीयुक्त काही खाणार असतील तर नाश्त्यालाही घ्याव्या लागतात. नुसते फळ किंवा कोरा चहा असेल तर गरज नसते. महिनाभराने वजन करून तो आकडा डॉक्टरांना दाखवा, त्यावरून ते मात्रा कमीजास्त करतील.